सही कोणाची? गर्भपात, आयव्हीएफ, सरोगसी आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी बायकांना दवाखान्यातले फॉर्म समजावून सांगते. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर सोबतही जाते. येणारे प्रश्न फारसे बदलत नाहीत, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. फिरून फिरून गाडी एकाच जागी येते: या कागदावर सही कोणाची लागते, आणि सही करणारीला त्यातलं काय सांगितलं गेलंय? उत्तरं २०२५ च्या अखेरीस लागू असलेल्या कायद्याप्रमाणे आहेत.

१. भारतात गर्भपात कायदेशीर आहे की गुन्हा?

घोळ इथूनच सुरू होतो. गर्भपात घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली आजही गुन्हा आहे. १९७१ च्या एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) कायद्याने त्यातून वाट काढून दिली. नोंदणीकृत आणि पात्र डॉक्टरने, मान्यता असलेल्या ठिकाणी, कायद्यात दिलेल्या कारणासाठी केलेला गर्भपात गुन्हा ठरत नाही. कारणं अशी: बाईच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, गर्भात गंभीर व्यंग, बलात्कारातून राहिलेला गर्भ आणि गर्भनिरोधक साधन फसणं.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ही मुभा ठरावीक स्त्रियांनाच आहे: लैंगिक अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग, मानसिक आजार असलेल्या, गर्भात व्यंग आढळलेल्या आणि आपत्तीत सापडलेल्या. २४ च्या पुढचं प्रश्न ६ मध्ये आहे. बाईचा जीव वाचवायला तातडीने गर्भपात करावा लागला तर आठवड्यांची अट नाही.

‘मला हे मूल नको आहे’ एवढं एकच कारण मात्र कायद्यात कुठेही नाही. डॉक्टरला दुसऱ्या कारणात ते बसवावं लागतं, आणि बहुतेक समंजस डॉक्टर बसवतात. पण बाईचा निर्णय डॉक्टरच्या समंजसपणावर टांगता ठेवणं मला मान्य नाही.

२. आठवडे कुठून मोजायचे? संबंध आला त्या दिवसापासून का?

नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकली त्याच दिवशी हिशेबाने साधारण चार आठवडे झालेले असतात. पाळी अनियमित असेल तर सोनोग्राफीवरून वय ठरतं, आणि अशा वेळी दोन हिशेबांत फरक निघू शकतो. मर्यादेच्या जवळ असाल तर सोनोग्राफी लवकर करून घ्या. अहवालाची प्रत आपल्याकडे ठेवा.

३. गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का? हॉस्पिटल म्हणतं त्याशिवाय करणार नाही.

लागत नाही. बाई १८ वर्षं पूर्ण केलेली आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असेल तर फक्त तिची लेखी संमती लागते. त्यासाठी ‘फॉर्म सी’ आहे. नवरा, सासू, वडील, भाऊ यांच्यासाठी त्यात जागाच नाही. बायकोने न विचारता गर्भपात केला म्हणून तिच्यावर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावणाऱ्या एका नवऱ्याला आधी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही परत पाठवलं आहे.

तरी प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. एका खाजगी दवाखान्यात एकीबरोबर गेले होते. दोन मुलं पदरात, तांबी बसवलेली असताना दिवस गेलेले, आठवा आठवडा. काउंटरवरून आलेला फॉर्म छापील होता, पण तिच्या सहीच्या ओळीखाली निळ्या बॉलपेनने पट्टी धरून आणखी एक ओळ मारलेली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘पतीची सही’. झेरॉक्सवर झेरॉक्स काढून ती ओळ अर्धवट पुसट झालेली. म्हणजे किती वर्षं चालू असेल हे! मी म्हटलं, “ही ओळ कायद्यात नाही.” काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे सगळे करतात.” ती मुलगी वाईट नव्हती. तिला तसंच शिकवलेलं होतं. पण समोरचीचा नवरा सहा महिन्यांपासून घरी आलेला नव्हता, आणि त्या एका पुसट ओळीसाठी ती दुसऱ्यांदा परत जाणार होती.

याची दुसरी बाजूही कायम लक्षात ठेवा. बाईच्या संमतीशिवाय केलेल्या गर्भपाताला न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी मागून घेऊन ‘करून टाकायची’ ही गोष्ट नाही.

४. माझं लग्न झालेलं नाही. मला गर्भपात करता येतो का? नाव बाहेर जाईल का?

येतो. गर्भनिरोधक फसल्याच्या तरतुदीत पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते. २०२१ मध्ये तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. पुढे २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २० ते २४ आठवड्यांची मुभाही अविवाहित स्त्रियांना नाकारता येणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: या कायद्यापुरता बलात्कार या शब्दात नवऱ्याने केलेली जबरदस्तीही येते.

नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणाला सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

५. मुलगी १७ वर्षांची आहे, संबंध तिच्या मर्जीने आले. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल ना?

या भीतीने आया मुलींना भलत्याच ठिकाणी नेतात, म्हणून नीट वाचा. १८ च्या आतल्या मुलीची संमती पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) संमती मानत नाही, आणि अशी गोष्ट कळली की डॉक्टरला ती पोलिसांना कळवावीच लागते. पण प्रश्न ४ मधल्या २०२२ च्या निकालात असंही म्हटलं आहे की मुलीने किंवा पालकाने विनंती केली तर डॉक्टरला तिचं नाव आणि ओळख पटेल असा तपशील पोलिसांना देण्याची गरज नाही. ही विनंती लेखी द्या. गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते.

पालकांची संमती म्हणजे मुलीचं मत नव्हे. २०२४ मध्ये मुंबईजवळच्या एका १४ वर्षांच्या मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गर्भ जवळजवळ ३० आठवड्यांचा होता. न्यायालयाने आधी परवानगी दिली, मग आईवडिलांचं मन बदलल्यावर आदेश मागे घेतला. सविस्तर निकालात न्यायालयाने लिहिलं की अशा बाबतीत गरोदर व्यक्तीची संमती सर्वांत महत्त्वाची. घरात मुलीशी बोलताना हे वाक्य आठवा.

६. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत व्यंग दिसलं, पुढच्या तपासण्यांत २४ आठवडे उलटून गेले. आता?

गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपात होऊ शकतो. त्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट असतात. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मंडळाने मत द्यायचं आणि परवानगी दिली तर पाच दिवसांच्या आत गर्भपात व्हायला हवा.

हा मार्ग मोकळा होण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. २००८ मध्ये इथल्या एका दांपत्याने, पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याने, डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती आणि परवानगी नाकारली गेली. ती मर्यादा हलायला पुढे १३ वर्षं लागली.

मंडळाने ‘नाही’ म्हटलं तर सगळं संपलं असं समजू नका. जानेवारी २०२३ मध्ये ३२ आठवड्यांच्या पुढच्या एका प्रकरणात मंडळाने व्यंग मान्य केलं, पण गर्भ खूप वाढलाय म्हणून नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने बाईला परवानगी दिली आणि निवडीचा हक्क मंडळाचा नाही, तिचा आहे असं सांगितलं. मंडळाने वैद्यकीय वस्तुस्थिती सांगायची. असं मूल वाढवण्याचं ओझं पेलवेल की नाही, हे त्या घरात उद्या सकाळी उठून ज्यांना करायचंय त्यांनी ठरवायचं.

कोर्टात जायला पैसे नसतील तर प्रश्न १५ पाहा.

७. व्यंग नाही, पण २६ आठवडे झालेत आणि मूल खरंच नको आहे. कोर्ट परवानगी देईल का?

भरवसा देता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका आईने सर्वोच्च न्यायालयात हेच मागितलं. धाकटं बाळ अंगावर पीत होतं, पाळी आलेलीच नव्हती, त्यामुळे दिवस गेल्याचं उशिरा कळलं. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारासाठी तिची औषधं चालू होती. दोन न्यायाधीशांनी आधी परवानगी दिली, मग त्यांच्यातच मतभेद झाले आणि तीन न्यायाधीशांच्या पीठाने शेवटी नकार दिला. २४ आठवडे उलटले आहेत, जिवाला तातडीचा धोका नाही, गर्भात व्यंग नाही, ही कारणं.

म्हणून बाळाला पाजत असलेल्या प्रत्येकीला मी सांगते: पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नसतं. शंका आली की पट्टी वापरून तपासा.

८. मेडिकलमध्ये गर्भपाताच्या गोळ्या मिळत नाहीत. त्यांच्यावर बंदी आहे का?

बंदी नाही. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, नऊ आठवड्यांपर्यंत, कायदेशीर आहेत. पण अनेक दुकानदार त्या ठेवतच नाहीत, कारण तपासणीचा ससेमिरा नको. या गोळ्या लिंगनिवडीसाठी वापरतात असा समज त्यामागे आहे. तो चुकीचा आहे. नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर लिंग कळतच नाही. गोळ्या डॉक्टरांकडूनच घ्या, मित्राच्या ओळखीने आणलेल्या खाऊ नका. गर्भ नळीत असेल तर या गोळ्या लागू पडत नाहीत आणि पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं.

९. रक्ताच्या नव्या तपासणीत मुलगा-मुलगी कळते म्हणतात. नुसतं माहीत करून घेतलं तर काय बिघडलं?

आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे एनआयपीटी, तांत्रिकदृष्ट्या लिंगही सांगू शकते. भारतात ते सांगणं, विचारणं आणि त्याची जाहिरात करणं गुन्हा आहे. साधन सोनोग्राफीचं असो, रक्ताचं असो की प्रयोगशाळेतल्या भ्रूणाचं, कायदा एकच. तपासणीची मागणी करणाऱ्या नातेवाइकांना पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. गरोदर बाईवर मात्र जबरदस्ती झाली असंच कायदा आधी गृहीत धरतो.

असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातल्या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. सोनोग्राफीच्या वेळी तुमच्याकडून भरून घेतला जाणारा ‘एफ फॉर्म’ याच कायद्याचा भाग आहे.

एक गल्लत टाळा. लिंगनिवड हा गुन्हा आहे, गर्भपात नव्हे. दुसरी मुलगी असेल या नुसत्या संशयाने कायदेशीर गर्भपात नाकारणं हा त्या बाईवर दुसरा अन्याय होतो.

१०. आयव्हीएफ कोणाला करता येतं? लग्न हवंच का?

आयव्हीएफ म्हणजे शरीराबाहेर, प्रयोगशाळेत बीज फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडणं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून असं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्यानंतर तीन दशकांहून जास्त काळ या उपचाराला स्वतंत्र कायदाच नव्हता. तो २५ जानेवारी २०२२ ला लागू झाला. लग्न झालेलं जोडपं किंवा एकटी स्त्री, दोघांनाही उपचार घेता येतात. स्त्रीचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५. लिव्ह-इन जोडप्याला जोडपं म्हणून नाही, पण त्यातली स्त्री एकटी स्त्री म्हणून येऊ शकते. एकटा पुरुष आणि समलिंगी जोडपी यांच्यासाठी कायद्याने दार बंद ठेवलं आहे. आईबाप होण्याची लायकी लग्नाच्या दाखल्यावरून ठरवणं मला पटत नाही.

११. बहिणीचं स्त्रीबीज घेतलं तर उद्या ती मुलावर हक्क सांगेल का?

सांगू शकणार नाही. दात्याचा मुलावर पालक म्हणून कोणताही हक्क राहत नाही, आणि मूल उपचार घेणाऱ्यांचंच मानलं जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमकं हेच आलं. मोठ्या बहिणीसाठी धाकटीने बीज दिलं, सरोगसीतून, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने (सरोगेटने) गर्भ वाढवून, जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा मुलींना घेऊन निघून गेला आणि मेहुणी त्यांच्यासोबत राहू लागली. बीज आपलं म्हणून आई आपणच, असा दावा झाला. न्यायालयाने तो मानला नाही आणि मोठ्या बहिणीला मुलींना भेटण्याचा हक्क दिला.

ते प्रकरण नव्या कायद्याच्या आधीचं. आता दाता नोंदणीकृत बीज-वीर्य बँकेमार्फतच यावा लागतो. बीज देणारी २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच देऊ शकते आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. बीजाची विक्री हा गुन्हा आहे. गरजू मुलींना पैशाचं आमिष दाखवून पुन्हा पुन्हा इंजेक्शनं दिली जात होती, म्हणून या अटी आल्या.

१२. आमचे भ्रूण गोठवलेले आहेत. घटस्फोट झाला, किंवा दोघांतलं एक गेलं, तर ते कोणाचे?

याचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून दिलेलं असतं, फक्त बहुतेकांना ते आठवत नाही. गोठवण्याआधी क्लिनिकने लेखी विचारायलाच हवं की मृत्यू झाला किंवा दोघांपैकी कुणी अक्षम झालं तर भ्रूणांचं काय करायचं. तो कागद पंधरा-वीस पानांच्या गठ्ठ्यात येतो. फुल्या केलेल्या जागी सह्या होतात आणि माणसं निघून येतात. तसं करू नका. गठ्ठा घरी आणा, दोघांनी चहा घेत वाचा.

भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या क्षणापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे नातं तुटल्यावर एकाच्या मर्जीने पुढे जाता येत नाही. साठवण जास्तीत जास्त दहा वर्षं.

अविवाहित मुलगा वारला आणि त्याचं वीर्य गोठवलेलं असेल तर? ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा मुलाच्या आईवडिलांना नमुना द्यायला सांगितलं. जून २०२५ मध्ये मुंबईत मात्र वेगळाच पेच उभा राहिला. कॅन्सरने गेलेल्या तरुणाने मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा असं फॉर्मवर लिहिलं होतं आणि आईला तो हवा होता. न्यायालयाने तूर्त जतन करायला सांगितलं. त्या आईचं दुःख मला कळतं. तरीही मुलाने सही करून जे सांगितलं, त्याला वजन हवं असं मला वाटतं.

१३. सरोगसीसाठी कोण पात्र? वहिनी तयार आहे, तिला काही पैसे द्यावेत का?

पैसे देऊन सरोगसी आता गुन्हा आहे. दवाखान्याचा खर्च, कायद्याने ठरवलेले खर्च आणि सरोगेटचा ३६ महिन्यांचा विमा एवढंच देता येतं. जोडप्यात पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वयाचा, वैद्यकीय कारण हवं, आधीचं मूल नसावं. त्याला अपवाद आहे: मूल गंभीर आजारी किंवा अपंग असेल तर चालतं. ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांनाही परवानगी आहे, अविवाहितेला नाही. सरोगेट २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली आणि स्वतःचं मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच, आणि तिचं स्वतःचं बीज वापरता येत नाही. गर्भ राहण्याआधी मॅजिस्ट्रेटकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो.

नवराबायकोपैकी एकाचं बीज चालत नसेल तर फेब्रुवारी २०२४ पासून जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर दात्याचं घेता येतं, दुसरं मात्र त्यांचंच हवं. कायदा येण्याआधीच भ्रूण गोठवलेल्या जोडप्यांना वयाची अट लागू होणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं.

आता वहिनीचं. ‘तयार आहे’ हे कोणी सांगितलं? तिने, की सासूबाईंनी? एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेचं ‘हो’ किती मोकळं असतं ते आपल्याला घरोघरी माहीत आहे. पैसे नाहीत म्हणजे दबाव नाही, असं कायदा गृहीत धरतो, आणि तिथेच तो कमी पडतो. तिच्याशी एकटीशी बोला, घराबाहेर. भ्रूण सोडेपर्यंत ती नकार देऊ शकते आणि गरोदरपणात तिच्यावर गर्भपात लादता येत नाही, हे तिला आधी सांगा.

१४. निरोगी, हुशार भ्रूण निवडता येतो म्हणतात. जनुकं दुरुस्तही करता येतात का?

घरात थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार असेल तर भ्रूणाची त्या आजारासाठी तपासणी कायदेशीर आहे आणि खरोखर उपयोगीही. लिंगासाठी नाही (प्रश्न ९). बुद्धी किंवा उंचीचा अंदाज देणाऱ्या चाचण्या अमेरिकेत विकल्या जातात, पण असंख्य बारीक जनुकीय फरकांच्या बेरजेवरून काढलेला तो आकडा एका बाळाबद्दल फार थोडं सांगतो.

भ्रूणाची जनुकं बदलून मूल जन्माला घालणं भारतात निषिद्ध आहे. चीनमध्ये ‘हे च्यानख्वे’ नावाच्या शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये तसं करून जुळ्या मुली जन्माला घातल्या आणि २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. झालेला बदल त्या मुलींच्या पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो, आणि त्या पिढ्यांची संमती घेणार कोण?

गर्भाशय प्रत्यारोपण मात्र आपल्याकडे होतं. पुण्याच्या गॅलेक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी मे २०१७ मध्ये देशातलं पहिलं केलं. आईने दिलेल्या गर्भाशयातून ऑक्टोबर २०१८ मध्ये लेकीला मुलगी झाली. त्याला अवयवदानाचा कायदा लागू होतो. म्हणजे गर्भाशय देणाऱ्या आईची संमतीही तितकीच काळजीने तपासायला हवी.

१५. हॉस्पिटलने नकार दिला. कुठे जायचं? वकिलाला पैसे नाहीत.

आधी शांतपणे म्हणा, “नकार लेखी द्या, कारणासह, तारीख घालून.” सरकारी रुग्णालय गर्भपातासाठी कायद्यानेच मान्य ठिकाण आहे, तिथे जा. सिव्हिल सर्जनला भेटा. कोर्टाची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० वर फोन करा. प्रत्येक स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जाताना आधार कार्ड, सगळ्या सोनोग्राफी अहवालांच्या प्रती आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेला कागद सोबत ठेवा.

प्रश्न ३ मधल्या तिने लेखी नकार मागितला, तेव्हा काउंटरवरची मुलगी आत गेली. दहा मिनिटांनी डॉक्टर स्वतः बाहेर आले, फॉर्म हातात घेतला, बॉलपेनने मारलेली ती ओळ आडवी खोडली आणि म्हणाले, “सही फक्त तुमचीच करा.”